शर्ट आगीत टाकणारी मुलगी: लांडगामाणसाच्या एका पुनर्कथनाचा अभ्यास

फ्रान्सच्या निव्हेर भागात १८८५ च्या सुमारास आशिल मिलियाँ हा कवी गावोगाव फिरून लोकांच्या तोंडच्या गोष्टी आणि गाणी टिपून घेत होता. त्याच्या वहीत एक गोष्ट आली. आजीसाठी ताजा पाव आणि दुधाची बाटली घेऊन निघालेल्या मुलीची. आपण ‘लिटल रेड रायडिंग हूड’, म्हणजे लाल टोपीवालीची गोष्ट म्हणून ओळखतो तीच, पण या रूपात लाल टोपी नाही, सुटका करणारा शिकारी नाही. आणि वाटेत भेटतो तो साधा लांडगाही नाही. तो ‘ब्झू’ आहे, म्हणजे माणसाचा लांडगा होणारा. इंग्रजी सिनेमांनी आपल्याला ‘वेअरवुल्फ’ म्हणून ओळख करून दिली, तोच. मी त्याला इथे लांडगामाणूस म्हणेन.

आजीला मारून तिच्या पलंगावर पडलेला हा ब्झू मुलीला कपडे काढून आपल्याजवळ यायला सांगतो. मुलगी विचारते, हा एप्रन कुठे ठेवू? तो म्हणतो, टाक आगीत पोरी, आता तुला तो लागणार नाही. मग चोळी, झगा, परकर, मोजे. दर वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, ब्रिटिश लेखिका अँजेला कार्टर यांनी हा प्रसंग पुन्हा लिहिला. त्यांच्या ‘द ब्लडी चेंबर’ या संग्रहातल्या ‘द कंपनी ऑफ वुल्व्ज’ या कथेत मुलीचे कपडे असेच एकामागून एक आगीत जातात. पण कार्टर तिथे थांबत नाहीत. कपडे संपल्यावर मुलगी पुढे होते, समोरच्या लांडगामाणसाचा शर्ट ओढून काढते आणि तोही आगीत टाकते.

या लेखात मला एवढ्या एकाच कृतीकडे नीट बघायचं आहे. लांडगामाणसाच्या प्रतीकाबद्दल बोलताना आपण दात, नखं आणि पौर्णिमा यांच्यातच अडकतो. माझ्या मते या गोष्टींचा अर्थ कपड्यांमध्ये साठवलेला आहे. कपडे कोण काढतं, कोण लपवतं आणि कोण जाळतं, यावर गोष्ट कुणाच्या बाजूची हे ठरतं.

शर्टाच्या आधीचे कपडे

हा धागा फार जुना आहे. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये एक सैनिक चांदण्या रात्री कबरींपाशी कपडे उतरवतो, त्यांच्याभोवती लघवीचं रिंगण करतो आणि लांडगा होऊन रानात पळतो. सोबती कपडे उचलायला जातो तर त्यांचा दगड झालेला. पुढे कळतं की शेतावर आलेल्या एका लांडग्याच्या मानेत कुणीतरी भाला खुपसला, आणि सकाळी सैनिक अंथरुणात आहे, वैद्य त्याच्या मानेवर उपचार करतोय. लांडगेपणी झालेली जखम माणूसपणी अंगावर दिसणं ही कल्पना इथून पुढे कित्येक शतकं चालत राहते.

बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीनं बिस्क्लाव्हरे नावाच्या सरदाराची गोष्ट सांगितली. हा ब्रिटनी प्रांतातला सरदार आठवड्यातले तीन दिवस लांडगा असतो. कपडे परत अंगावर चढले तरच त्याला माणूस होता येतं, म्हणून तो ते रानातल्या एका पोकळ दगडाखाली लपवतो. बायको गोड बोलून गुपित काढते आणि आपल्या चाहत्याकरवी कपडे चोरते. सरदार लांडगाच राहतो, पण राजाच्या पायाशी लोळण घेतो, दरबारात राहतो, आणि बायको समोर येते तेव्हा तिचं नाक चावून तोडतो. शेवटी कपडे परत मिळतात. मात्र तो ते सगळ्यांसमोर घालत नाही. कुणीतरी जाणता सांगतो की याला एकट्याला आत सोडा, लाज वाटत असेल. थोड्या वेळानं राजाच्या पलंगावर तो माणूस होऊन झोपलेला सापडतो. हा पलंग लक्षात ठेवावा, कारण कार्टर आपल्या कथेचा शेवट पलंगावरच करतात आणि नेमका उलटा करतात.

मग लांडगामाणूस असल्याच्या आरोपावरून खटले सुरू झाले आणि गोष्टीतल्या वस्त्राला पुराव्याची जागा मिळाली. कोलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये १५८९ साली पीटर श्टुंप या माणसानं छळाच्या भीतीनं कबुली दिली की सैतानानं आपल्याला एक पट्टा दिला होता, तो कमरेला बांधला की लांडगा आणि सोडला की माणूस. त्याला चाकाला बांधून, हाडं मोडून, शिरच्छेद करून जाळलं. पट्टा शोधायला माणसं पाठवली होती, तो काही मिळाला नाही. अधिकाऱ्यांना यात अडचण वाटली नाही, सैतानानं दिलेलं सैतानानं परत नेलं असं ठरलं. वर्षभरात लंडनमध्ये या प्रकरणाचं पत्रक छापून विकलं जात होतं.

बोर्दोच्या न्यायालयात १६०३ मध्ये आलेला झाँ ग्रेनिए हा तर मिसरूड न फुटलेला गुराखी पोरगा. रानातल्या एका मालकानं दिलेलं लांडग्याचं कातडं पांघरतो आणि मुलं खातो, असं तो स्वतःच सांगत सुटला. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत मेंढ्या राखणारी एक तेरा वर्षांची मुलगी होती. प्राण्यानं झडप घातल्यावर आपण काठीनं मारून त्याला हाकललं, असं तिनं सांगितलं. न्यायालयानं रूप बदलणं हा भ्रम मानला आणि देहदंडाऐवजी मुलाला जन्मभर मठात ठेवायचा हुकूम दिला. खटल्यांच्या त्या काळात असा निकाल दुर्मीळच. आणि ती काठीवाली मुलगी मला छापील परीकथेतल्या कुठल्याही मुलीपेक्षा खरी वाटते.

पेरोनं काय काढून टाकलं

हे सगळं हवेत असताना शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये पॅरिसमध्ये तोंडोतोंडी चालत आलेली ही गोष्ट छापली. ते चौदाव्या लुईच्या कारभारात वरच्या पदावर काम केलेले गृहस्थ होते आणि वाचक दरबारी होते. त्यांनी मुलीला लाल टोपी दिली. लांडगामाणसाचा साधा लांडगा केला. आगीत कपडे टाकण्याचा भाग गेला, मुलगी नुसती कपडे काढून पलंगावर जाते. आणि लांडगा तिला खातो. गोष्ट संपली. खाली पद्यात उपदेश आहे. लांडगे अनेक प्रकारचे असतात. सगळ्यांत घातक ते, जे गोड बोलत, अदबीनं तरुण मुलींच्या मागे घरापर्यंत येतात.

म्हणजे गोष्टीतून काढलेला लांडगामाणूस पेरोंनी उपदेशात परत आणला, फक्त आता त्याच्या अंगावर केस नाहीत. ही चलाखी मानावी लागते. पण तिची किंमत मुलीनं मोजली. मिलियाँच्या वहीतली मुलगी शेवटी म्हणते, मला बाहेर जायचंय, फार लागलीये. ब्झू म्हणतो, पलंगातच कर. ती ऐकत नाही. तो तिच्या पायाला लोकरीचा दोरा बांधून सोडतो, ती अंगणात जाऊन दोरा आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि घराकडे पळते. तो मागे धावतो, दाराशी पोचतो तेव्हा ती आत गेलेली असते. पेरोच्या मुलीकडे ही अक्कल उरलेली नाही, कारण उपदेशाला मूर्ख मुलगी लागते. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये शिकारी आणला, लांडग्याचं पोट कापून आजी आणि नात बाहेर काढल्या. मुलगी वाचली, पण दुसऱ्याच्या हातानं.

‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन’ हे ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला मौखिक गोष्टीतली मुलगी लगेच ओळखीची वाटेल. आपली म्हातारीही रानातल्या जनावराशी बोलूनच वाट काढते आणि येताना भोपळ्यात बसून टुणुक टुणुक निघते. तिला वाचवायला कुणी बंदूकवाला येत नाही.

मौखिक गोष्टीत आणखी एक अवघड भाग आहे. ब्झूनं आजीचं मांस कपाटात आणि रक्त बाटलीत ठेवलेलं असतं, आणि मुलगी नकळत ते खाते-पिते. छापील परंपरेला हे पचलं नाही. इव्हॉन व्हेर्दिए या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकाच्या शेवटी याचा अर्थ लावला तो मला पटतो. ब्झू मुलीला विचारतो, टाचण्यांच्या वाटेनं जाणार की सुयांच्या? गावाकडच्या मुली वयात येताना एक हिवाळा शिवणकाम करणाऱ्या बाईकडे पाठवल्या जात, तिथे शिवण शिकत आणि बाईपण कळत जाई. या वाचनात आजीला खाणं म्हणजे तिची जागा घेणं. एका पिढीचं मूल जन्माला घालण्याचं सामर्थ्य दुसरीकडे जाणं. लांडगामाणूस तिथे निमित्त आहे, खरा व्यवहार बायकांमधला आहे.

नियम आधी सांगितला होता

कार्टर या सगळ्याकडे अभ्यासातून आल्या. त्यांनी १९७७ मध्ये पेरोंच्या कथांचा इंग्रजी अनुवाद केला होता, म्हणजे काय काढलं गेलं हे त्यांना ओळ न् ओळ ठाऊक होतं. दोन वर्षांनी आलेल्या संग्रहाच्या शेवटी त्यांनी लांडग्यांच्या तीन कथा ठेवल्या. ‘द कंपनी ऑफ वुल्व्ज’ ही त्यांतली मधली कथा.

ही कथा सरळ सुरू होत नाही. आधी बराच वेळ गावातल्या समजुती आणि छोट्या गोष्टी येतात. खड्ड्यात पकडलेल्या लांडग्याचं डोकं आणि पंजे तोडले तर समोर माणसाचं प्रेत. चेटकिणीनं अख्खं लग्नाचं वऱ्हाड लांडगे करून टाकलं. आणि एक नवरी, जिचा नवरा पहिल्याच रात्री लघवीला म्हणून बाहेर गेला तो आलाच नाही. तिनं दुसरं लग्न केलं, मुलं झाली, आणि वर्षांनी पहिला परत आला. तिला नांदताना बघून लांडगा झाला. त्याला मारल्यावर कातडं गळून पडलं आणि खाली तोच, त्या रात्रीइतकाच तरुण. ती रडली. रडताना बघून दुसऱ्या नवऱ्यानं तिला मारलं.

ते शेवटचं वाक्य वाचकाच्या हातून निसटतं, पण बायकोवर हात उचलणारा तिथे पूर्ण माणूस आहे. सगळ्यांत वाईट लांडग्यांचे केस आतल्या बाजूला असतात, असं कार्टर याच कथेत लिहितात. हा विचारही जुना आहे. १६१३ च्या सुमाराच्या जॉन वेब्स्टर यांच्या ‘द डचेस ऑफ माल्फी’ नाटकात बहिणीला मारवणारा फर्डिनांड वेडाच्या भरात स्वतःला लांडगा समजतो आणि सांगतो की फरक एवढाच, माझे केस कातडीच्या आत आहेत.

याच समजुतींच्या ओघात कार्टर एक नियम सांगून ठेवतात. लांडगामाणसाचे माणसाचे कपडे जाळले, तर तो जन्मभर लांडगाच राहतो. म्हणून म्हाताऱ्या बायका त्याच्यावर टोपी नाहीतर एप्रन फेकतात, जणू कपड्यांनीच माणूस बनतो. वाचक पुढे जातो आणि हे विसरतो.

मग नाताळची आदली रात्र. नुकतीच वयात आलेली मुलगी, आजीनं विणलेली लाल शाल, टोपलीत सुरी. रानात एक देखणा तरुण भेटतो. त्याच्याकडे होकायंत्र आहे, त्यामुळे वाट सोडली तरी तो चुकत नाही. पैज लागते: आजीकडे आधी कोण पोचतं? तो जिंकला तर एक चुंबन. आणि मुलगी मुद्दाम रेंगाळते, हरावं म्हणून. कथेतलं हे लहानसं रेंगाळणं पेरोच्या सगळ्या उपदेशाला छेद देतं. तिथे मुलीची चूक म्हणजे फुलं वेचत बसणं. इथे तिला काय हवंय ते तिचं तिला माहीत आहे.

आजी मात्र जुन्या नियमांवर विसंबते. आलेल्यावर बायबल फेकते, एप्रन फेकते. काहीच लागू पडत नाही आणि तो तिला खातो. मुलगी येते, बाहेर लांडग्यांचा कळप ओरडत असतो, सुटायची वाट नाही. कपडे कुठे ठेवू हा प्रश्न ती विचारते आणि उत्तर तेच जुनं मिळतं. मग तुझे दात किती मोठे, हा सगळ्यांना पाठ असलेला संवाद येतो. खायला, असं तो म्हणतो आणि मुलगी खळखळून हसते. आपण कुणाचं मांस नाही हे तिला कळलेलं असतं. मग ती त्याचा शर्ट ओढून काढते.

शर्टाचा अर्थ

पुष्कळ वाचक या शेवटाला ‘मुलीनं पशूला माणसाळवलं’ असं म्हणतात. शेवटच्या ओळीत ती आजीच्या पलंगावर मायाळू लांडग्याच्या पंजांमध्ये शांत झोपलेली आहे, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण कथेनंच सांगितलेला नियम लावून बघा. शर्ट जळाला, म्हणजे त्याचा माणूस होण्याचा रस्ता बंद झाला. शेवटच्या ओळीत पंजे आहेत, हात नाहीत. तिनं त्याच्यातला माणूस वाचवलेला नाही. ज्या देखण्या, गोडबोल्या माणसाच्या वेषात तो घराघरात शिरत होता, तो वेष तिनं कायमचा काढून घेतला. उरला तो लांडगा, आणि लांडग्याला ती घाबरत नाही.

पेरोंच्या उपदेशाला मला माहीत असलेलं हे सर्वांत अचूक उत्तर आहे. पेरो म्हणाले, सभ्य दिसणाऱ्या लांडग्यापासून जपा. कार्टरची मुलगी सभ्यपणाच जाळते. बिस्क्लाव्हरेच्या गोष्टीत नवऱ्याचे कपडे चोरणारी बायको खलनायिका ठरली, तिचं नाक गेलं, आणि कपडे मिळाल्यावर नवरा राजाच्या पलंगावर माणूस झाला. इथे कपडे नष्ट करणारी मुलगी शिक्षेशिवाय सुटते आणि पलंगावरचा लांडगा लांडगाच राहतो.

आणि तिचे स्वतःचे कपडेही गेलेले आहेत. शाल, पोलकं, घागरा, लोकरी मोजे, बूट, सगळं. नियम एकासाठी असेल तर दुसऱ्यासाठी का नाही? तिच्याही मागे घरी परतायची वाट उरलेली नाही. हा भाग चर्चेत फारसा येत नाही, पण माझ्या वाचनात तो निम्मा शेवट आहे. आगीत दोघांचंही जुनं रूप जातं आणि पहाटे नाताळ उजाडतो, जो कथेच्या म्हणण्याप्रमाणे लांडगामाणसांचा जन्मदिवस.

शेजारच्या ‘द वेअरवुल्फ’ या छोट्या कथेशी ताडून बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. तिथे मुलगी वाटेत लांडग्याचा पंजा बापाच्या सुरीनं तोडते, आणि आजीकडे पोचेपर्यंत टोपलीतल्या पंजाचा म्हाताऱ्या बाईचा हात झालेला असतो, बोटात लग्नाची अंगठी. आजी तापानं फणफणलेली, एक हात नाही. मुलगी ओरडते, शेजारी येतात, म्हातारीला काठ्या-दगडांनी मारतात. आता मुलगी आजीच्या घरात राहते आणि तिचं बरं चाललंय. पेट्रोनियसची जखम इथे थेट बेडबुर्गच्या चौकात येऊन उभी राहते. म्हातारी खरंच लांडगा होती का, की घर हवं होतं? पुरावा फक्त मुलीच्या टोपलीत आहे. या कथेत कपडे काढणं नाही, शरीर नाही, हसू नाही. गाव ज्याला लांडगा म्हणेल तो लांडगा.

आक्षेप

पॅट्रिशिया डंकर या समीक्षक बाईंनी १९८४ मध्ये कार्टर यांच्या या संग्रहावर कडक टीका केली. जुन्या परीकथेचा साचा मुळातच पुरुषी इच्छेसाठी बेतलेला आहे, त्या साच्यात राहून कितीही धीटपणे लिहिलं तरी साचा मोडत नाही, असा त्यांचा मुद्दा. मेर्या माकिनेन यांनी १९९२ मध्ये उलट बाजू मांडली: या कथांमधले पशू म्हणजे नुसते पुरुष नव्हेत, बायकांच्या स्वतःच्या दडपलेल्या इच्छेचंही ते रूप आहेत.

मला डंकर यांचा आक्षेप झटकून टाकता येत नाही. मुलगी अगदी लहान आहे. तिच्यासमोर आजीचा खून केलेला माणूस आहे, दार बंद आहे, बाहेर कळप आहे. अशा ठिकाणी तिचं हसू ही निवड म्हणायची की जिवावर उदार झालेल्याचा शेवटचा डाव? अमेरिकन स्त्रीवादी लेखिका सुसन ब्राउनमिलर यांनी १९७५ मध्ये लाल टोपीवालीची गोष्ट बलात्काराची दृष्टान्तकथा म्हणून वाचली होती, आणि कार्टर लिहीत होत्या तेव्हा ते वाचन ताजं होतं. ते वाचन आजही खोटं ठरलेलं नाही.

पण कार्टरनं हे झाकलेलं नाही, हे मी तितक्याच ठामपणे म्हणेन. मुलगी त्याच्याजवळ असताना पलंगाखालची आजीची हाडं जोरात खडखडतात, आणि ती त्यांच्याकडे लक्ष देत नाही. लेखिकेला सोपी विजयकथा हवी असती तर ही हाडं तिनं ठेवली नसती. मौखिक गोष्टीत नात आजीला खाऊन तिची जागा घेते, इथे नात आजीची हाक ऐकत नाही. दोन्हीकडे नव्या बाईच्या जन्माला जुन्या बाईचा मृत्यू चिकटलेला आहे. व्हेर्दिए यांच्या वाचनात तो सणासारखा येतो, कार्टरकडे तो अपराधासारखा खडखडतो. मला कार्टरचं जास्त प्रामाणिक वाटतं. मात्र कुणा मुलीला गोष्ट सांगायची असेल तर मी निव्हेरची सांगेन, दोरा झाडाला बांधून पळणाऱ्या मुलीची. कार्टरची कथा मोठ्यांनी एकमेकांत वाचायची आहे.

पडद्यावर

कार्टर यांनी १९८० मध्ये या कथेचं बीबीसीसाठी नभोनाट्य केलं आणि पुढे दिग्दर्शक नील जॉर्डन यांच्यासोबत पटकथा लिहिली. सिनेमा १९८४ मध्ये आला. त्यातला शेवट निराळा आहे. गावकरी आजीच्या घरी पोचतात तेव्हा मुलगी स्वतःच लांडगी झालेली असते, आणि बाप बंदूक रोखतो तेव्हा आई त्याला अडवते, कारण त्या लांडगीच्या गळ्यातला क्रूस तिनं ओळखलेला असतो.

दोघांचा परतीचा रस्ता बंद होतो हे माझं वाचन सिनेमाला मान्य आहे, असं त्यावरून दिसतं. पण क्रूस ठेवून सिनेमानं एक वस्तू आगीतून वाचवली आणि ओळख पटवायला आईला जागा दिली. पडद्यावर तो क्षण फार परिणाम करतो. तरी मी कथेच्या बाजूचा आहे. कथेत अंगावरचं काहीच शिल्लक राहत नाही. सकाळी कुणी त्या दारात आलंच, तर आत कोण झोपलंय हे त्याला कपड्यांवरून सांगता येणार नाही.